न्हावा-शेव्याचा बेभरवसा आणि त्याचं बिल

जगाच्या व्यापाराचं पुढे काय होणार, यावर सध्या रोज कोणी ना कोणी बोलतं. न्हावा-शेवा बंदराच्या शेजारी, नवी मुंबईत मात्र हा प्रश्न फार साध्या रूपात कानावर येतो. रबाळ्याच्या एमआयडीसीतला कारखानदार विचारतो, "या आठवड्याची बोट नक्की आहे ना?" वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला निर्यातदार विचारतो, "दिल्लीहून काही नवीन निघालं नाही ना?" गेल्या पाच-सहा वर्षांत या दोघांना कोणी छातीठोक उत्तर देऊ शकलेलं नाही.

यात मला एक गोष्ट सतत खटकते. आपण सगळा दोष लाल समुद्राला आणि अमेरिकेच्या आयात शुल्काला देऊन मोकळे होतो. तो दोष खरा आहे. पण कारखान्याच्या दारापासून बंदराच्या गेटपर्यंत आणि शेतकऱ्याच्या कांदा-चाळीपासून दिल्लीच्या अधिसूचनेपर्यंत जो बेभरवसा आहे, तो आपला आपणच तयार केलेला आहे. शिवाय तो बाहेरचा असो की घरचा, त्याचं बिल फिरत फिरत अशा माणसाकडे येतं ज्याची ते भरण्याची ऐपत सगळ्यांत कमी असते. बंदराची क्षमता किती वाढली याचे फलक आपण लावतो. हे बिल कोण भरतं, याचा हिशेब मात्र मांडत नाही. मालवाहतुकीचं भवितव्य त्या हिशेबावर ठरणार आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी भाड्याचं बघू. जगातल्या मोठ्या समुद्रमार्गांवर ४० फुटी कंटेनरला सरासरी किती भाडं पडतं, याचा ड्र्युरी या संस्थेचा निर्देशांक दर आठवड्याला निघतो. करोनापूर्वी, २०१९ मध्ये, तो सरासरी १,४२० डॉलर होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ डॉलरवर गेला. मग घसरला, आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा ५,९०० डॉलरच्या पुढे चढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो १,७०० डॉलरच्याही खाली होता. न्हावा-शेव्याहून निघणाऱ्या मालाचे दर अगदी याच आकड्यांनी चालत नाहीत, पण चढ-उताराची दिशा तीच असते. ज्या धंद्यात नफ्याचं प्रमाण शेकडा सात-आठ असतं, त्या धंद्यातल्या माणसाने सहा महिन्यांनंतरच्या ऑर्डरचा भाव आज कुठल्या आधारावर सांगायचा?

लाल समुद्राचं संकट आपल्याला दूरचं वाटतं, पण त्याची सुरुवातच भारताकडे येणाऱ्या जहाजापासून झाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी पळवलेलं 'गॅलेक्सी लीडर' गुजरातच्या पिपावाव बंदराकडे निघालं होतं. त्यानंतर बहुतेक मोठ्या लाइननी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, सुवेझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे जहाजं न्यायला सुरुवात केली. युरोपला जाणाऱ्या मालाचे दहा ते चौदा दिवस वाढले. यंत्राच्या सुट्या भागांना चौदा दिवस उशीर झाला, तर ग्राहक चिडतो. द्राक्षांना उशीर झाला, तर द्राक्षंच जातात. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल या काळात रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमला जातात. २०२४ चा हंगाम नेमका याच वळशात सापडला. रीफरमधलं तापमान शून्याच्या आसपास राखलं तरी देठ वाळतात, मणी मऊ पडतात, आणि तिकडच्या सुपरमार्केटचा माणूस पेटी उघडून भाव पाडतो. कंटेनरचं भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं, वर युद्धजोखमीचा अधिभार. द्राक्ष बागायतदाराचा येमेनशी काय संबंध, असा प्रश्न पडतो. त्याचं बिल मात्र येमेनवरून येतं.

२०२५ मध्ये भाडी उतरली, जगभर नवीन जहाजं मोठ्या संख्येने पाण्यात उतरत आहेत, आणि उद्या सगळ्या लाइन सुवेझच्या रस्त्याने परत गेल्या, तर वळशात अडकलेली जहाजंही मोकळी होतील. म्हणजे जहाजं जास्त आणि माल कमी, भाव आणखी खाली. वरवर पाहता निर्यातदारासाठी ही आनंदाची बातमी आहे. मला ती तशी वाटत नाही. भाव पडले की लाइन फेऱ्या रद्द करतात. याला धंद्यात 'ब्लँक सेलिंग' म्हणतात. रद्द झालेल्या फेरीचा माल पुढच्या बोटीवर ढकलला जातो, पुढच्या बोटीवर आधीच बुकिंग असतं, आणि मग कोणाला चढवायचं आणि कोणाला मागे ठेवायचं हे लाइनचा माणूस ठरवतो. ज्याचा वर्षाचा करार आहे, ज्याचे महिन्याला शेकडो कंटेनर जातात, त्याचा माल चढतो. ज्याचा महिन्याला एक कंटेनर जातो, त्याचा माल 'रोल' होतो. दर स्वस्त होणं आणि माल वेळेवर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छोट्या कारखानदाराला दुसरीची गरज पहिलीपेक्षा कितीतरी जास्त असते.

रोल होणं म्हणजे काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. रबाळ्यात कारखान्याच्या दारात माल भरून झाला, कंटेनरला ई-सील लागलं, ट्रेलर निघाला. ठाणे-बेलापूर रस्ता, मग उरण फाटा, गव्हाण फाटा, जासई, करळ. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत क्लिअरिंग एजंटचा फोन येतो, बोट पुढे ढकलली, नवीन कट-ऑफ, म्हणजे माल बंदरात पोहोचवायची मुदत, अजून आलेला नाही. ट्रेलर मागे फिरवला तर परतीचं भाडं आणि पुन्हा आणण्याचं भाडं. फिरवला नाही तर उभ्या गाडीचे दिवसाचे पैसे. एखाद्या यार्डात कंटेनर उतरवला तर चढ-उतार आणि जमिनीचं भाडं. तोवर कंटेनर लाइनचा असतो आणि फुकटचे दिवस संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा दंड, सुरू होतं. म्हणजे बोट लाइननेच रद्द केली, आणि उशिराचा दंडही लाइनच निर्यातदाराकडून घेते. हे बिल समोर ठेवून वाद घालणारे कारखानदार मी पाहिले आहेत. शेवटी ते पैसे भरतात, कारण पैसे भरल्याशिवाय बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, हातात मिळत नाही, बिल ऑफ लेडिंगशिवाय बँक कागद पुढे पाठवत नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याच लाइनकडे बुकिंग मागायला जायचं असतं.

अमेरिकेत हीच तक्रार वाढली तेव्हा त्यांनी कायदा बदलला. जून २०२२ मध्ये समुद्री वाहतूक सुधारणा कायदा आला. डिटेन्शन आणि डेमरेजच्या (कंटेनर बंदरात पडून राहिल्याच्या आकारणीच्या) बिलावर कोणती माहिती असलीच पाहिजे, हे त्यात ठरवलं गेलं. ती माहिती नसेल, तर बिल भरण्याचं बंधन राहत नाही. आकारणी वाजवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांनी लाइनवर टाकली, आणि तक्रार ऐकायला त्यांच्याकडे संघराज्य सागरी आयोग आहे. आपल्याकडे मार्च २०२० च्या टाळेबंदीत नौवहन महासंचालनालयाने लाइनना डिटेन्शन लावू नका असं सांगितलं होतं, पण तो सल्ला होता. सल्ला पाळणं न पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. २०२५ मध्ये संसदेने समुद्री व्यापाराचे पाच कायदे एकापाठोपाठ एक मंजूर केले. बिल ऑफ लेडिंगचा जुना कायदा तर १८५६ चा होता, तो बदलला हे चांगलंच झालं. पण छोट्या निर्यातदाराने दोन-अडीच लाखांच्या अन्यायी बिलाविरुद्ध जावं आणि महिनाभरात निकाल घेऊन यावा, अशी जागा या सगळ्या खटाटोपातूनही उभी राहिली नाही. ती उभी करायला नवीन बंदर लागत नाही, हजारो कोटी लागत नाहीत. लाइननेच फेरी रद्द केली असेल, तर त्या दिवसांचं डिटेन्शन लागणार नाही, एवढा एक नियम केला तरी रबाळे, महापे, तळोज्यातल्या शेकडो कारखान्यांना श्वास घेता येईल.

आता घरच्या बेभरवशाकडे येतो. तुलनेसाठी आधी बाहेरचा. डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ ला शुल्क जाहीर केलं, आठवडाभरात ते ९० दिवसांसाठी थांबवलं, ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के लावलं आणि २७ ऑगस्टपासून ५० टक्के. पुढेही तो आकडा स्थिर राहिला नाही. तळोज्यातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांपासून भिवंडीच्या कापडापर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसली. यावर आपण खूप बोललो, लहरीपणा म्हटलं, आणि ते योग्यच होतं. पण कांद्याच्या बाबतीत आपण स्वतः काय केलं, ते तारखांसह वाचा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले. प्रत्येक वेळी कुठे तरी माल भरलेला होता, कुठे तरी करार झालेला होता, कुठे तरी शेतकऱ्याने चाळ राखून ठेवली होती.

शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. वाशीच्या बाजारात भाव चढले की आमच्याही घरी ते जाणवतं. पण ग्राहकाला दिलासा द्यायचे इतर मार्ग सरकारकडे आहेत. साठा करून ठेवता येतो, तो वेळेवर बाजारात सोडता येतो. रातोरात बंदी घालण्याने जे नुकसान होतं ते एका हंगामाचं नसतं. कोलंबो, दुबई, क्वालालंपूरचा खरेदीदार एकदा पाकिस्तान किंवा इजिप्तच्या मालाकडे वळला की बंदी उठल्यावर तो आपोआप परत येत नाही. त्याला आपल्या मालाच्या प्रतीबद्दल शंका नसते, आपल्या शब्दाबद्दल असते. म्हणून निर्यातीचा कोणताही निर्बंध किमान ३० दिवस आधी जाहीर व्हावा, आणि बंदरात पोहोचलेला किंवा करार झालेला माल त्यातून वगळलेला असावा, असं बंधन सरकारने स्वतःवर कायद्याने घालून घ्यायला हवं. व्यापारी साठेबाजी करतील, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तीस दिवसांत कांद्याची जी काही जादा निर्यात होईल, तिच्यापेक्षा तुटलेला बाजार परत मिळवण्याची किंमत फार मोठी आहे.

भारतीय जहाजं वाढवा, हा उपाय आता सगळीकडे सांगितला जातो. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितलं, की पन्नास वर्षांपूर्वी आपला ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांवर चालायचा, आज तो ५ टक्क्यांवर आला आहे, आणि परदेशी कंपन्यांना आपण दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर भाडं देतो. त्याच महिन्यात जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. मराठी माणसाला या विषयाचं वेगळं मोल आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी उभारलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची 'एसएस लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून ही कंपनी बुडवायचा प्रयत्न केला. समुद्रावरचं भाडं हे सत्तेचं हत्यार असतं, हे वालचंदांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

तरीही या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. कंटेनर वाहतूक हा प्रचंड भांडवलाचा आणि तितक्याच मोठ्या जोखमीचा धंदा आहे. जगातल्या पहिल्या दहांत गणली जाणारी कोरियाची हांजिन कंपनी ऑगस्ट २०१६ मध्ये बुडाली, तेव्हा तिची मालाने भरलेली जहाजं बंदराबाहेर अडकून पडली होती. आपण मंदीच्या तोंडावर जहाजं घेतली, तर तोटा करदात्यांचा. आणि २०२१ सारखी तेजी आली, तर भारतीय लाइनही बाजारभावच मागेल, झेंडा कोणताही असो. माझ्या मते सरकारी पैशाने कंटेनर लाइन उभी राहणार असेल, तर तिच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागा छोट्या निर्यातदारांसाठी राखून ठेवायची अट आधीच घालावी. त्याच्या जोडीला आपल्या विक्रीची सवयही बदलायला हवी. आपले बरेचसे निर्यातदार एफओबीवर (माल जहाजावर चढवून देण्यापुरत्या भावाने) विकतात, म्हणजे जहाज खरेदीदार निवडतो. आयात मात्र सीआयएफवर (विमा आणि भाडं धरून भावाने) होते, म्हणजे तिथेही जहाज समोरचाच निवडतो. दोन्ही बाजूंनी निवड दुसऱ्याकडे असताना आपल्या जहाजाला माल मिळणार कुठून?

विम्याचा मुद्दा थोडक्यात. १९५७ पासून मुंबईतून काम करणारी ईसीजीसी ही निर्यातीचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी खरेदीदाराने पैसे बुडवले, त्याच्या देशात युद्ध झालं, तर भरपाई देते. भाडं तिप्पट झाल्यामुळे जो तोटा होतो, त्याला छोट्या निर्यातदारासाठी परवडणारं संरक्षण नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं, तेव्हा त्यातला एक हिस्सा यासाठी बाजूला काढणं अशक्य नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस कायम बाहेर राहतो, तो ट्रेलर चालवणारा. न्हावा-शेव्यातून २०२४-२५ मध्ये २० फुटी कंटेनरच्या हिशेबाने सुमारे ७३ लाख कंटेनर गेले-आले. सिंगापूरच्या पीएसए कंपनीच्या टर्मिनलचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा एकट्या त्या टर्मिनलची क्षमता ४८ लाखांवर गेली. धक्क्यावरच्या क्रेन जगातल्या कुठल्याही बंदराच्या तोडीच्या आहेत. मग गेटबाहेर बघा. वाहनतळ बांधला गेला, पण बोटी एकदम आल्या किंवा टर्मिनलची यंत्रणा बंद पडली की रांग रस्त्यावर येते. चालक केबिनमध्येच झोपतो, टायरच्या आडोशाला स्टोव्हवर भात शिजवतो, गाडी सोडून अंघोळीला जाता येत नाही कारण रांग कधी पुढे सरकेल सांगता येत नाही. त्याला फेरीवर पैसे मिळतात. रांगेत गेलेला दिवस त्याचा, लाइनचा नाही, टर्मिनलचा नाही. उरण तालुक्यात ज्यांनी कर्ज काढून एक-दोन ट्रेलर घेतले, त्यांचंही तेच. बोट दोन दिवस पुढे गेली, तरी बँकेचा हप्ता पुढे जात नाही.

हे ट्रेलरमालक ज्या गावांतले आहेत, त्या गावांनी या बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी जमिनी दिल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर इथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्यातून मिळाला. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. एवढ्या वर्षांनंतरही जासई-करळच्या रस्त्यावर शाळेची मुलं ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढतात. मालवाहतूक रेल्वेवर नेऊन हा भार कमी करायचा होता. पण दादरीहून येणाऱ्या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी (म्हणजे न्हावा-शेवा बंदर) हा टप्पाच सगळ्यांत मागे रेंगाळला. ज्या बंदरासाठी मार्ग आखला, तेच बंदर त्याला शेवटी जोडलं जावं, हे नियोजनाचं अपयश आहे. पागोटे ते चौक या २९ किलोमीटरच्या नव्या महामार्गाला मार्च २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. तो लवकर व्हावा, कारण तोवर गव्हाण फाट्याला पर्याय नाही.

आता पालघर जिल्ह्यातलं वाढवण बंदर. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन, पूर्ण झाल्यावर वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरची क्षमता, म्हणजे न्हावा-शेव्यात २०२४-२५ मध्ये जेवढे हाताळले त्याच्या तिपटीहून जास्त. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. इथे प्रश्न व्यापाराचा आहे. गेल्या पाच वर्षांत आपला माल अडकला, तो धक्का कमी पडल्यामुळे फार थोड्या वेळा. फेऱ्या रद्द झाल्या, नियम रातोरात बदलले, रस्ता तुंबला, कागद अडले, म्हणून तो अडकला. तिप्पट मोठं बंदर बांधून यातली एकही गोष्ट आपोआप सुटत नाही. टर्मिनल चालवणाऱ्यांशी करार करताना अटी घालण्याची संधी सरकारच्या हातात आहे, आणि वाढवणमध्ये ७४ टक्के हिस्सा न्हावा-शेवा बंदराच्या प्राधिकरणाचा, जेएनपीएचा, व उरलेला २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा असल्यामुळे ती जबाबदारी टाळताही येणार नाही. ट्रेलर गेटवर ठरावीक तासांपेक्षा जास्त थांबला तर टर्मिनलने चालकाला भरपाई द्यावी. चालकांसाठी विश्रांतीगृह आणि वाहनतळ पहिल्या जहाजाच्या आधी तयार असावा. फेरी रद्द झाल्यास डिटेन्शन माफ, ही अट तिथे येणाऱ्या प्रत्येक लाइनला मान्य असावी. रेल्वेजोडणी पहिल्या टप्प्यातच व्हावी. आणि हेच नियम उद्यापासून न्हावा-शेव्यालाही लागू करावेत, कारण रांगेत उभा असलेला माणूस वाढवण पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाही.